पुडीतलं बाळसं

डॉक्टरबाई मुलांना 'अहो' म्हणायच्या आणि त्यांच्या आईबापांना अरेतुरे करायच्या. पाच वर्षांचं पोर समोर आलं की म्हणायच्या, "या, बसा. काय त्रास होतोय आपल्याला?" पोराचा बाप मध्ये बोलला तर त्याच्याकडे न बघताच, "तू थांब रे जरा. त्यांना सांगू दे."

त्यांचा दवाखाना अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. गिरणी सुरू झाली की तपासणीचं टेबल थरथरायचं. बाई स्टेथोस्कोप कानाला लावून, डोळे मिटून, खालचं दळण संपेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. जिन्यावर कायम पिठाचा थर. "दम्याच्या पेशंटला गिरणीच्या डोक्यावर बोलावणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच डॉक्टर असेन," असं त्या स्वतःच म्हणायच्या. दम्याच्या मुलांना त्या खालच्या फुटपाथवर येऊन तपासायच्या, रसवंतीच्या बाकड्यावर बसवून. येणारे-जाणारे बघत राहायचे. बाईंना त्याचं काही नसायचं.

अंगावर सुती साडी, पायात शाळेच्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि त्याच्या जोडीला शिंप्याची टेप. वजनकाट्याच्या तबकडीवर त्यांनी पुठ्ठा लावला होता. वजन किती भरलं ते फक्त त्यांना दिसायचं, आणि त्या ते कोणालाच सांगायच्या नाहीत. आया रुसायच्या. बाई म्हणायच्या, "वजन भुलवतं गं. उंची भुलवत नाही. उंची बघ." दाराच्या मागची भिंत पेन्सिलीच्या रेघांनी भरून गेली होती. प्रत्येक रेघेपुढे नाव, महिना, साल. एकदा घरमालकाने चुना लावायला माणूस पाठवला, तर बाई त्या भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसल्या आणि दिवसभराचे सगळे पेशंट तिथूनच तपासले. संध्याकाळी तो माणूस बाकीच्या तीन भिंती रंगवून निघून गेला.

माझी त्यांची ओळख झाली ती मी चौथीत असताना. ऐंशीच्या दशकाचा मध्य असावा. आम्ही मोरिवलीला राहायचो, कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत. वडील रंगाच्या कारखान्यात होते. मला दमा होता. थंडी पडली की आमच्याकडे कुणाला नीट झोप नसायची. आई मला मांडीवर उभं धरून बसायची, कारण आडवी झाले की श्वास अडकायचा. दोन-तीन डॉक्टर झाले. मग कुणीतरी सांगितलं की बदलापूरच्या पुढे डोंगराकडच्या एका वाडीत एक म्हातारा दम्यावर जडीबुटीची पुडी देतो. आई गेली. दर पंधरा दिवसांनी जायची. बदलापूरला उतरायचं, तिथून पुढे मिळेल ते वाहन, आणि शेवटचे तीन मैल पायी.

पुडीने चमत्कार केला. आठ दिवसांत माझा दमा गेला. मी जिना धावत चढायला लागले. भूक तर अशी लागायची की सकाळी चार पोळ्या खाऊन शाळेत डबा, आणि आल्यावर पुन्हा भात. कधी नव्हे ते गाल वर आले. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "पोरीने बाळसं धरलं हो." आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. आजी गावाहून आली तेव्हा मला ओळखेचना, आणि ओळखल्यावर आनंदाने रडली. आमच्या घरात गुबगुबीत असणं म्हणजे सुखाने असणं. दहा महिने आम्ही फार सुखात होतो.

शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी व्हायची, त्या वर्षी डॉक्टरबाई आल्या. आम्ही रांगेत उभ्या. काटकुळ्या मुलींपाशी त्या अर्धा मिनिट थांबत आणि पुढे जात. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्याच. माझी हनुवटी वर केली. दंड चिमटीत धरला. फ्रॉक जरा बाजूला करून पोट पाहिलं. पोटावर जांभळट रेघा होत्या, मांजराने ओरखडल्यासारख्या. मला वाटायचं, घट्ट नाडीने झाल्या असतील.

"हा फ्रॉक कधीचा हो?" त्यांनी विचारलं.

"मागच्या दिवाळीचा."

"लांबीला अजून पुरतो?"

"हो. आईने फक्त बाजूच्या शिवणी उसवल्यात. कमरेत होत नव्हता."

बाईंनी गळ्यातली टेप काढली, माझी उंची मोजली, फ्रॉकची लांबी मोजली, पुन्हा उंची मोजली. मग गुरुजींना म्हणाल्या, "यांच्या आईला आज संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. आणि ह्या जे काही औषध घेत असतील ते सोबत आणायला सांगा."

आई गेली ती थोडी मिरवतच गेली, असं तिनेच मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, पोरीच्या तब्येतीचं कौतुक करायला बोलावलं असेल. बाईंनी पुडी उघडली, बोटाने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि दहा पुड्या मागून घेतल्या. "मी निरोप पाठवेन. तोवर आहे तसं चालू दे. एकही दिवस चुकवू नकोस." त्या दहा पुड्यांचं त्यांनी काय केलं, हे मला कळायला पुढे पाच-सहा वर्षं जावी लागली.

आठवड्याने निरोप आला. चिठ्ठीच होती, वडिलांच्या नावाने. त्यात लिहिलं होतं की ही जडीबुटी नाही, कुटलेल्या गोळ्यांची पावडर आहे. गोळ्या जोराच्या आहेत, लहान मुलाला रोज द्यायच्या नाहीत. पण एकदम बंद करायच्या नाहीत, उद्या मुलीला घेऊन ये. 'एकदम बंद करायच्या नाहीत' याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

वडील चिठ्ठी अर्धीच वाचू शकले. त्यांचा स्वभाव तापट, आणि माझ्यावर जीव फार. फसवलो गेलो या एकाच गोष्टीने ते पेटले. डब्यातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पुड्या त्यांनी नेऊन कारखान्यामागच्या नाल्यात टाकल्या. आई म्हणत होती, "अहो, बाईंनी काय लिहिलंय ते पुरतं वाचा." ते म्हणाले, "माझी पोर विष खाणार नाही. आजपासून नाही." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचंही त्यांनी टाळलं. सगळेच डॉक्टर सारखे, असं त्यांचं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. साधाच ताप, पण दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या आणि मी पाणी पिण्याइतकीही मान उचलेना. मला आठवतं ते एवढंच की आईचा आवाज फार लांबून येत होता आणि मला त्याला ओ द्यावीशी वाटत नव्हती. वडील पहिल्या पाळीवरून घरी आले होते. त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याने पळत सुटले. गिरणीचा तो पिठाचा जिना ते मला घेऊन कसे चढले, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.

बाईंनी एक प्रश्न विचारला. "पुडी कधीपासून बंद आहे?" वडिलांनी तीन बोटं दाखवली. बाईंनी कपाटातून एक इंजेक्शन काढलं. त्यांनी ते चिठ्ठी पाठवली त्याच दिवशी कल्याणहून आणून ठेवलं होतं, हे आईला पुढे कंपाउंडरकडून कळलं. शीर सापडेना. बाई हात चोळत राहिल्या, पाय चोळत राहिल्या, आणि खाली ओरडून सांगितलं, "गिरणी बंद कर रे, टेबल हलतंय." गिरणी बंद झाली. शीर सापडली. इंजेक्शन गेलं, सलाईन लागलं.

वडील भिंतीला टेकून उभे होते, तोंडावर हात धरून. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तू चांगल्या मनाने केलंस ते मला ठाऊक आहे. आता इथे उभा राहू नकोस. खाली बेकरीतून खारी घेऊन ये. दोन-तीन तासांनी मागतील त्या."

वडील खारी घेऊन आले आणि पुडकं छातीशी धरून बाकावर बसून राहिले. उजेड होता अजून, जेव्हा मी डोळे उघडून खायला मागितलं.

हे सगळं काय होतं, ते बाईंनी मला त्यानंतर समजावून सांगितलं. आईवडील शेजारी बसले होते, पण बोलत होत्या त्या माझ्याशी, कारण त्यांच्या मते पेशंट मी होते. "तुमच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी आहेत. ताप आला, कुत्रं मागे लागलं, गणिताचा पेपर आला, की त्या एक रस सोडतात. संकट आलंय, तयार राहा, असा तो निरोप. संकट गेलं की रस कमी होतो. त्या पुडीत तोच रस होता, कारखान्यात केलेला. दहा महिने तुमच्या अंगाला वाटत होतं, रोज उठून संकटच आहे. मग अंगाने काय केलं? साठवलं. गालांवर, पोटावर, मानेवर. आणि उंची थांबवली. घराला आग लागलेली असताना कुणी वरचा मजला बांधायला काढत नाही."

"मग तो रस बंद केल्यावर मी पडले का?"

"बाहेरून रोज मिळतोय म्हटल्यावर तुमच्या ग्रंथी झोपी गेल्या. घरचे दोन वॉचमन झोपले आणि बाहेरचा वॉचमन एका दिवसात हाकलला. मग तापासारखा साधा चोर आला तरी घर लुटलं जातं. आता आपण बाहेरच्याला हळूहळू कमी करायचं. घरच्यांना जाग येईल तसं."

ते 'हळूहळू' वर्षभर चाललं. पुडीऐवजी मोजून गोळी. मग पाऊण, अर्धी, पाव. पाव गोळी आई ब्लेडने कापायची आणि कण सांडला तर बोट ओलं करून टिपायची. दमा परत आला. त्याचं वेगळं औषध सुरू झालं, आणि काही रात्री पुन्हा पहिल्यासारख्या गेल्या. आईचा धीर सुटायचा. बाई दर आठवड्याला विचारायच्या, "काय म्हणतायत आपले वॉचमन?" मी म्हणायचे, "झोपलेत." त्या म्हणायच्या, "घोरू द्यात. आपल्याला घाई नाही."

मध्ये कुठे ताप आला, अपघात झाला, तर दुसऱ्या डॉक्टरला हे कळायचं कसं? त्यावर बाईंनी काढलेला उपाय एखाद्या भगताला शोभला असता. त्यांनी बाजारातून तांब्याचा ताईत आणला, कागदावर बारीक अक्षरात माझा आजार आणि इंजेक्शनचं नाव लिहिलं, गुंडाळी करून आत भरली आणि तो काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. वडील म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर असून ताईत?" बाई म्हणाल्या, "अरे, कागद दप्तरातून पडेल, खिशातून धुतला जाईल. ताईत पोरीच्या गळ्यातून काढायची कुणाची हिंमत आहे?" त्यांचं खरं ठरलं. बदलापूरला मामाकडे गेले असताना मला ताप आला आणि मामाने तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. मी उलट्या करता करता गळ्याकडे बोट दाखवत होते. डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी ताईत उघडला, आतला कागद वाचला, आणि हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा त्यांनी तिलाही बोलावून घेतलं.

या काळात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. एका रविवारी आईला म्हणाल्या, "मला त्या वाडीवर घेऊन चल." आईला वाटलं, भांडायला निघाल्या. बाई तीन मैल चालत गेल्या, म्हाताऱ्याच्या ओसरीवर इतर पेशंटांसारख्या रांगेत बसल्या, नंबर आल्यावर पुडी घेतली आणि मग शांतपणे आपण कोण ते सांगितलं. म्हातारा घाबरला. "मना काय म्हाईत बाय," तो म्हणाला. "पयली मी झारपाल्याचीच देत व्हतो. मंग कॅम्पाच्या बाजारातला एक मानूस ही पावडर घेऊन आला. बोलला, हिचा गुन लवकर येतो. आन येतो का नाय? सगल्यांना आला." तेवढ्यात आतून एक सहा-सात वर्षांची मुलगी आली, म्हाताऱ्याची नात. आईने तिचा चेहरा पाहिला आणि बाईंचा हात घट्ट धरला. तेच गाल. तेच पोट, तेच बारीक हातपाय. म्हातारा स्वतःच्या नातीलाही तीच पुडी देत होता, आणि तिची तब्येत सुधारली म्हणून वाडीला कौतुकाने दाखवत होता.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी मुलीला समोर बसवून विचारलं, "काय हो, दम लागतो का आपल्याला?" पुढच्या आठवड्यात म्हातारा नातीला घेऊन गिरणीचा जिना चढत होता. पावडर आणणाऱ्या माणसाचा पत्ताही त्याने दिला. बाईंनी त्याच्याविरुद्ध अर्ज केले, खेटे घातले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. पण म्हातारा पुन्हा झाडपाल्यावर गेला. गुण कमी यायचा, गर्दी ओसरली. नात मात्र सुधारली.

या प्रकरणानंतर बाईंना गुबगुबीत मुलांचा छंदच लागला म्हणा ना. कुणाचं मूल अंगाने सुटायला लागलं की इतर डॉक्टर विचारायचे, काय खातो. बाई विचारायच्या, "घरात कोण ओरडतं?" एका मुलाच्या बापाला त्यांनी औषधाच्या कागदावर लिहून दिलं होतं: 'वडिलांसाठी. संध्याकाळी सात ते नऊ मोठ्याने बोलू नये. मार्कांचा विषय काढू नये. एक महिना.' तो बिचारा कागद घेऊन मेडिकलवाल्याकडे गेला. मेडिकलवाल्याने दोनदा वाचून परत दिला आणि म्हणाला, "हे आमच्याकडे मिळत नाही." बाईंना मी मोठी झाल्यावर विचारलं होतं, खरंच भीतीने मूल जाड होतं का? त्या म्हणाल्या, "मला सिद्ध करता येणार नाही. कित्येक मुलं नुसती खाऊन जाड होतात, कित्येक घराण्यानेच. पण बाहेरून घातलेल्या रसाने गाल फुगतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग रोजच्या धाकाने आतून सुटणाऱ्या रसाने काहीच होत नसेल, हे मानायला माझं मन तयार नाही. आणि समजा मी चुकले, तर काय होईल? एक बाप महिनाभर गप्प बसेल."

माझे वॉचमन पाचवीच्या उन्हाळ्यात उठले. ग्रंथींचा रस मोजायला बाईंनी सकाळी आठ वाजता माझं रक्त घेऊन मुंबईला पाठवलं होतं. निकाल आला त्या दिवशी त्या कॅनव्हासचे बूट वाजवत आमच्या चाळीत आल्या, हातात जिलबीचा पुडा. मला म्हणाल्या, "अभिनंदन. जागे झाले." चाळीतल्या बायकांना कळेना, कोण जागं झालं. जिलबी सगळ्यांनी खाल्ली.

गाल उतरले. पोटावरच्या रेघा पांढऱ्या झाल्या. उंची मात्र राहिली ती राहिली. थोडी वाढले, पण वर्गात पहिल्या रांगेची जागा सुटली नाही. नववीत मला एनसीसीत जायचं होतं. उंचीत बसले नाही. घरी आले आणि आईवर सगळं काढलं. म्हणाले, "तूच खाऊ घातलंस मला ते. रोज, स्वतःच्या हाताने." आई दोन दिवस जेवली नाही.

वडिलांनी जाऊन बाईंना सांगितलं असावं. त्यांनी मला बोलावून घेतलं. दार लावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मला एकेरीत बोलल्या. "बस. तुझ्या आईने आणलेल्या दहा पुड्यांतल्या सहा मी तपासायला पाठवल्या. उरलेल्यांचं काय केलं ठाऊक आहे? खाल्ल्या. रोज एक. माझे गुडघे दहा वर्षं दुखत होते. तिसऱ्या दिवशी मी हा जिना पळत चढले. आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, मी डॉक्टर आहे, आणि तरी चौथ्या पुडीकडे माझा हात गेला. मी ती खाल्ली. पाचवी असती तर पाचवीही खाल्ली असती. तुझ्या आईला तर काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की तिच्या पोरीला श्वास घेता येतोय." मग दार उघडत म्हणाल्या, "घरी जा. माफी मागायची असेल तर माग, नाहीतर नुसती जेवायला बस तिच्याबरोबर. तेवढंही पुरेल."

मी जेवायला बसले. माफी मागायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाईंनी दवाखाना बंद केला आणि बहिणीकडे कोकणात राहायला गेल्या. मी तोवर नोकरीला लागले होते. दोन-तीन पत्रं झाली. पत्रातही मला 'अहो'च. मग एके दिवशी त्यांच्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं. झोपेत गेल्या होत्या.

आई अंगणात डाळिंब्या सोलत बसली होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. ती तशीच सोलत राहिली. मीही तिच्याशेजारी बसून सोलायला लागले.

"तुझ्या आजीने मला विचारलं," आई म्हणाली. "तुझ्या मामाने विचारलं. बदलापूरच्या त्या डॉक्टरने तर सगळ्या पेशंटांसमोर विचारलं. तूही विचारलंस." तिने सोललेले दाणे ओंजळीत घेऊन पातेल्यात टाकले. "त्या बाईंनी मला एकदाही विचारलं नाही, का दिलंस म्हणून."